आधी नाव की आधी औषध?

रत्नागिरीत तुडतुडा म्हटलं की माणसाला आंब्याचा मोहोर आठवतो. पण पाऊस ओसरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की गरव्या भातातही तुडतुडे वाढतात. ते चुडाच्या बुंध्याशी पाण्यालगत बसतात. वरून शेत हिरवंगार दिसत असतं आणि एके दिवशी मधोमध गोल आकारात पीक करपलेलं दिसतं. त्याला शेतकरी खळं पडलं म्हणतात.

पुढचा संवाद पावस गावाच्या अलीकडच्या एका कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, बांधावरचा आहे. काकांची वर कलमांची बाग आहे आणि खाली भात. पुतणी कीटकांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करते. माणसं मी रचलेली आहेत. कीड, औषध आणि त्यांच्यातला वाद खरा आहे. दोघांचंही म्हणणं मी पुरतं मांडणार आहे, पण मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काका : हे बघ, परवा हातभर होतं, आज खाटेएवढं झालं. गेल्या मोहोराच्या फवारणीतलं डेल्टामेथ्रीन उरलंय घरात. संध्याकाळी पंप मारून मोकळा होतो.

पुतणी : काका, थांबा. कुठला तुडतुडा आहे ते बघितलंत का?

काका : तुडतुडा तो तुडतुडा. रस पितो, चिकटा सोडतो, त्यावर काळी बुरशी धरते. आंब्यावर तेच, इथे तेच. जे औषध तिथे चालतं ते इथे का चालू नये?

पुतणी : कारण हा त्या गोतातला नाही. एक चूड जरा वाकवून धरा आणि वरून हलकेच थापटा. पाण्यावर पडतील ते बघू. हं, हा बघा. भिंग डोळ्याशी धरा आणि किडा भिंगाजवळ आणा. मागच्या पायाची नडगी दिसते? तिच्या टोकाला काय आहे?

काका : काटा आहे. चपटा. हलतोय की गो!

पुतणी : तोच बघायचा. नडगीच्या टोकाला असा हलणारा मोठा काटा फक्त डेल्फॅसिडी या कुळात असतो. आता डोळ्यांकडे बघा. मिशा कुठून निघाल्यात? डोळ्यांच्या खालून, गालाच्या बाजूने, आणि बुडाशी जाड आहेत. आंब्यावरच्या तुडतुड्याच्या मिशा दोन डोळ्यांच्या मध्ये असतात, केसासारख्या बारीक. त्याच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात, पण टोकाला हा हलणारा काटा नसतो. तो सिकाडेलिडी कुळातला.

काका : म्हणजे दिसायला सारखे, पण घराणी दोन.

पुतणी : हो, आणि फार पूर्वी फुटलेली. गंमत म्हणजे तुमच्या याच भातात, वर पानांवर, हिरवे तुडतुडे बसलेत. ते आंब्याच्या तुडतुड्यांच्या कुळातले. म्हणजे पानावरचा हिरवा तुडतुडा वरच्या बागेतल्या तुडतुड्याचा जवळचा, आणि त्याच चुडाच्या बुंध्याशी बसलेला हा तपकिरी त्याचा लांबचा. रंग आणि उडी बघून हे कधीच कळलं नसतं.

काका : बरं, घराणं कळलं. त्यानं माझं खळं थांबतं का?

काकांचा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. वर्गीकरणाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत द्यायचं फार वेळा टाळलं आहे. म्हणून पुतणीचं उत्तर इथे मी लांबू दिलं आहे.

पुतणी : थांबतं, निदान वाढत नाही. आता मागच्या पायाच्या पावलाचा पहिला सांधा बघा. त्याच्या कडेला एकदोन बारीक काटे आहेत. ही निलापर्वता या प्रजातीची खूण. पाठीवर पांढरा पट्टा असता तर मी आधी सोगाटेला फरसिफेरा म्हटलं असतं, म्हणजे पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. हा पट्टा इथे नाही, आणि किडा भातावर आहे. तेव्हा हा तपकिरी तुडतुडा, निलापर्वता लुजेन्स. आणि याच्यावर डेल्टामेथ्रीन मारलं तर तो कमी होण्याऐवजी वाढतो.

काका : औषधानं कीड वाढते? काहीतरीच.

पुतणी : 1980 च्या सुमारास फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत चेल्लय्या आणि हाइनरिक्स या दोघांनी नेमकं हेच तपासलं. काही कीटकनाशकांनंतर, आणि त्यात डेल्टामेथ्रीन होतं, तपकिरी तुडतुड्यांची संख्या न फवारलेल्या भातापेक्षा जास्त झाली. कारणं दोन. एक म्हणजे फवारा पानांवर पडतो, तुडतुडा बुंध्याशी असतो. तो वाचतो आणि त्याला खाणारे कोळी, त्याची अंडी शोषणारे सिर्टोऱ्हायनस नावाचे छोटे ढेकूण मरतात. दुसरं, मारक मात्रेपेक्षा कमी औषध अंगावर आलेल्या मादीची अंडी घालण्याची क्षमता वाढते. अंडी तर पानाच्या आवरणाच्या आत, उतींत घातलेली असतात. त्यांना तुमचा फवारा लागतच नाही.

काका : आणि आंब्यावर हेच औषध विद्यापीठ सांगतं.

पुतणी : सांगतं, आणि बरोबर सांगतं. मोहोरावर तुडतुडा उघड्यावर असतो. किडा वेगळा, जागा वेगळी. बाटली तीच असली तरी परिणाम उलटा होतो. तुमच्या हातातला निर्णय नावावरच उभा आहे, काका. इंडोनेशियानं हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. तिथे भाताला कीटकनाशकांवर सरकारी अनुदान होतं, फवारण्या वाढत गेल्या आणि तपकिरी तुडतुडाही वाढत गेला. शेवटी 1986 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावर वापरायची 57 कीटकनाशकं बंद करावी लागली.

काका : बरं, नाही मारत ते. पण मग काय करू? बसून बघू?

पुतणी : तीनचार दिवस पाणी काढून टाका. बुंधा कोरडा झाला की त्यांना ती जागा मानवत नाही. युरियाचा राहिलेला हप्ता देऊ नका. प्रत्येक कुणग्यात दहावीस चूड थापटून मोजा. चुडाला पाच ते दहा तुडतुडे भरले तरच औषधाचा विचार, आणि कुठलं ते शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रात विचारून. फवारा बुंध्याशी पोचला पाहिजे.

इथवर काका ऐकून घेतात. चिकित्सक शेतकऱ्याला खुणा पटतात, कारण त्या त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. अडचण पुढे आहे.

काका : हे पटलं. भिंग, काटा, मिशा. दोन मिनिटांचं काम. पण तू तर दिवसेंदिवस त्या किड्याची शेपटी कापून काचेवर ठेवत बसतेस. एका कुणग्यातल्या किड्याचं नाव द्यायला तुम्हाला महिने लागतात. तोपर्यंत माझं भात जळून जाईल. आणि नाव तरी स्थिर आहे का? जुन्या पुस्तकात आंब्याच्या तुडतुड्याला इडिओसेरस म्हणायचे. मग इडिओस्कोपस झालं. निव्हिओस्पार्सस म्हणायचे त्याचं निटिड्युलस केलंत. आमचा तुडतुडा तोच, मोहोर तोच, नुकसान तेच. बदलते ती फक्त तुमची पाटी.

पुतणी : पाटी बदलते हे खरं आहे. पण का बदलली ते ऐका. 1889 साली लेथिएरी या फ्रेंच अभ्यासकानं भारतातल्या तिघांचं वर्णन केलं: क्लायपिआलिस, निव्हिओस्पार्सस आणि ॲटकिन्सोनी. हे तिसरं नाव ॲटकिन्सन या ब्रिटिश अमदानीतल्या अधिकाऱ्यावरून. नोकरी हिशेबखात्याची, पण ते कलकत्त्यात असे कीटक गोळा करून त्यांवर लिहायचे. तेव्हा तिघेही इडिओसेरस या एकाच प्रजातीत टाकले. पुढे बारकाईनं तपासलं तेव्हा दिसलं की हे त्या युरोपी प्रजातीतले नाहीत. त्यासाठी इडिओस्कोपस आणि अम्रिटोडस या वेगळ्या प्रजाती झाल्या. आणि निव्हिओस्पार्ससला वॉकर यांनी 1870 सालीच निटिड्युलस असं नाव दिलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं. प्राणिनामकरणाच्या नियमानं आधीचं नाव टिकतं. प्रत्येक बदलामागे कुणीतरी मूळ नमुना काढून पुन्हा बघितलेला असतो.

काका : त्याचा मला उपयोग?

पुतणी : तुमच्या बागेत तिन्ही असू शकतात, आणि ते सारखे वागत नाहीत. अम्रिटोडस सगळ्यांत मोठा, पाठीवरच्या त्रिकोणावर दोन ठिपके. तो मोहोर नसतानाही झाडावर भेटतो, पालवीवर आणि खोडावर. निटिड्युलसच्या त्रिकोणावर तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा. क्लायपिआलिस सगळ्यांत लहान, डोक्यावरही काळे ठिपके. हे दोघे मोहोरावर तुटून पडतात. आता सांगा, मे नंतर कलमांच्या सालीतल्या फटींमध्ये काय दडून बसलंय ते कुठला तुडतुडा आहे हे न बघता कसं ठरवाल? तुम्ही ‘तुडतुडा तोच’ म्हणता, आणि मग एखाद्या वर्षी फवारणी चुकली की म्हणता औषध बनावट होतं.

काका : बनावटही असतं हो. पण तुझं म्हणणं बघतो. सालीत दडणारे आणि पालवीवर दिसणारे वेगळे, हे मी पाहिलंय. मला वाटायचं एकच आहे, जागा बदलतो.

माझ्या मते काकांच्या या शेवटच्या वाक्यात सगळ्या वादाचं मूळ आहे. शेतकऱ्याकडे निरीक्षण असतं. ते कुठल्या जीवाचं आहे हे ठरवणारं नाव नसलं की दोन जीवांची निरीक्षणं एकात मिसळतात आणि दोन्ही निरुपयोगी होतात. पण याची दुसरी बाजूही आहे, ती पुढे काकाच सांगतात.

काका : आता मी विचारतो. तुझ्या त्या काचेच्या नळीत किडे आहेत, चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर काय लिहिलंस?

पुतणी : गाव, तालुका, तारीख, भात, गोळा करणाऱ्याचं नाव.

काका : बस्स? हे नाही लिहिलंस की खळं नेहमी खालच्या कुणग्यात पहिल्यांदा पडतं, जिथे पाणी निघत नाही. वरच्या कुणग्यात दाट लावणी झाली होती तिथे दुसरं. बांधाकडेच्या चुडांत नाही, मध्येच पडतं. आणि आखूड पंखांचे जाड पोटाचे किडे आधी दिसतात, लांब पंखांचे मागाहून. हे मला तिसेक वर्षं दिसतंय. तुझ्या पुस्तकात आहे का?

पुतणी : शेवटचं आहे. आखूड पंखांची मादी उडत नाही, सगळी ताकद अंड्यांत घालते. खाणं भरपूर असेल तेव्हा त्या होतात. गर्दी झाली, पीक पिकत आलं की लांब पंखांची पिढी येते आणि उडून जाते. 1967 च्या जुलैमध्ये जपानच्या हवामान खात्याच्या जहाजावर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर भर समुद्रात, या तुडतुड्यांचे थवे उतरलेले दिसले. जपानमध्ये दर वर्षी ते येतात कुठून याचं कोडं त्यानंतर सुटत गेलं. साचलेलं पाणी आणि दाट लावणी ही कारणं पुस्तकात ढोबळपणे आहेत, पण तुमच्या या खालच्या कुणग्याचं कुठेच लिहिलेलं नाही. ते चिठ्ठीवर यायला हवं.

काका : मग लिही. शेतकऱ्याला विचारून लिही. नुसता किडा नेऊ नको.

पुतणी : लिहिते. पण आता तुम्ही शेपटी कापण्याचा अर्थ ऐका. बांधावरच्या त्या ओलसर गवतात अगदी याच्यासारखे तपकिरी तुडतुडे सापडतात. निलापर्वता प्रजातीत बेकरी आणि मुइरी असे आणखी भाऊ आहेत, ते लिअर्सिया नावाच्या गवतावर जगतात. भिंगातून हे तिघे ओळखता येत नाहीत. नराचं पोटाचं टोक कापायचं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून मऊ भाग विरघळू द्यायचा, ग्लिसरीनमध्ये काचेवर मांडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या अवयवांचा आकार बघायचा. तिथे फरक स्पष्ट दिसतो. तुम्ही गवतात तुडतुडे बघून भातावर औषध मारायला धावलात आणि ते बेकरी निघाले तर?

काका : पैसे पाण्यात.

पुतणी : आणि कोळीही. इतकंच नाही. फिलिपिन्समध्ये लिअर्सिया गवतावर जे खुद्द लुजेन्स म्हणून ओळखले जात होते, ते आकारावरूनही भातावरच्यांपासून वेगळे करता येत नव्हते. कार्डिफ विद्यापीठातल्या क्लॅरिज आणि सहकाऱ्यांनी त्यांची गाणी तपासली. हे किडे पोट थरथरवून खोडातून कंपनं पाठवतात, नर मादीला आणि मादी नराला. आपल्या कानाला ती ऐकू येत नाहीत. गवतावरच्यांची आणि भातावरच्यांची कंपनं वेगळी निघाली, आणि निवडीची मोकळीक दिली तर दोन्ही आपापल्यातच जोडी करत होते. 1985 साली त्यांनी लिहिलं की ही एकाच किडीची दोन बिऱ्हाडं नसून दोन जीवजाती आहेत. गवत कापल्यानं भातावरची कीड कमी होते की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या कंपनांत होतं.

काका क्षणभर बांधाकडे बघतात. बांधावरचं गवत दर वर्षी कापून गुरांना घालायचं, हा त्यांचा रिवाज. त्यात तुडतुडे दिसले की ते उन्हात जाळूनही टाकत.

काका : म्हणजे गवत कापू नको म्हणतेस?

पुतणी : सगळं एकदम कापू नका इतकंच. गवतावर आणि लव्हाळ्यावर डेल्फॅसिडी कुळातले कितीतरी तुडतुडे राहतात, जे भाताला तोंडही लावत नाहीत. त्यांच्या अंड्यांत ॲनाग्रस नावाची अतिशय बारीक गांधीलमाशी आपली अंडी घालते आणि त्यांवर वाढते. भात उभं राहिलं की तीच भातातल्या तपकिरी तुडतुड्याच्या अंड्यांकडे वळते. शेतात भात नसताना तिला जगवतो तो बांधावरचा निरुपद्रवी तुडतुडा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, म्हणून तो कीड ठरतो आणि जाळला जातो.

काका : आणि वर सड्यावर पावसाळ्यात जाळी मारत फिरतेस ते?

पुतणी : त्याचसाठी. सड्यावरच्या गवतात सापडलेला एखादा किडा कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही असं होतं. मग आधी डिस्टंट यांचे ब्रिटिश भारताच्या जीवसृष्टीवरचे खंड काढायचे. निलापर्वता ही प्रजाती त्यांनीच 1906 साली श्रीलंकेतल्या किड्यावरून केली. पुढे कळलं की तो किडा 1854 साली स्टाल यांनी जावाहून वर्णिलेला लुजेन्सच होता. म्हणून एका पुस्तकावर थांबता येत नाही. जवळच्या जातींचे मूळ नमुने बघायचे, नराचे अवयव काढून रेखाटायचे, काय वेगळं आहे ते शब्दांत लिहायचं. नवी जात ठरलीच तर तिचा एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवायचा आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा दिल्लीच्या पुसा संग्रहासारख्या ठिकाणी ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कुणालाही तो पुन्हा बघता येईल. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात विरक्तमठ यांनी भारतातल्या तुडतुड्यांवर अनेक दशकं हेच काम केलं. आंब्याच्या तुडतुड्यांची ओळख आपल्याला आज नीट पटवता येते ती अशा कामामुळे.

काका : एक शंका उरते. समजा नाव अगदी बरोबर लागलं. लुजेन्स म्हणजे लुजेन्स. मग तरी सगळीकडे सारखा वागेल?

पुतणी : नाही वागत. 1973 साली फिलिपिन्समध्ये आयआर 26 हे तुडतुड्याला दाद न देणारं भाताचं वाण आलं. तीनएक वर्षांत तिथलाच तुडतुडा त्याच्यावर जगायला शिकला. आपल्याकडच्या लुजेन्सची प्रतिकारक वाणांशी वागणूक फिलिपिन्समधल्यांपेक्षा वेगळी आहे. म्हणून रत्नागिरीचे नमुने रत्नागिरीतूनच घ्यावे लागतात. बाहेरून आणलेलं नाव सुरुवातीला उपयोगी पडतं, पण तेवढं पुरत नाही.

काका : म्हणजे शेवटी माझ्या कुणग्यातला किडा तुला हवाच.

पुतणी : हवा. आणि तुमचं खालच्या कुणग्याचं निरीक्षणसुद्धा.

काकांचा आग्रह वेगाचा आहे, आणि तो रास्त आहे: पिकाला महिने नसतात. पण भिंगातून कूळ आणि प्रजाती ओळखायला महिने लागत नाहीत, आणि फवारणी करायची की नाही हे ठरवायला बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पुढचं सावकाश होणारं काम थांबलं, तर पुढच्या पिढीच्या हातात भिंगातून पडताळून बघायला खुणाच उरणार नाहीत. म्हणून माझा कौल पुतणीकडे आहे, काकांनी घातलेल्या अटीसकट.

कोकणातल्या वाचकांना एवढीच विनंती: भातात खळं दिसलं, तर पंप भरण्याआधी चूड थापटा. पाण्यावर पडलेले दहाबारा तुडतुडे, त्यांत काही नर येतील असे, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. आत कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं गाव, तारीख, वाण, लावणीचं अंतर, पाणी कुठे साचतं आणि याआधी काय फवारलं ते लिहा. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. बाटली शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात नेऊन द्या, आणि तोवर उरलेल्या डेल्टामेथ्रीनची बाटली आंब्याच्या मोहोरासाठीच ठेवा.